रूबार्बच्या वड्या आणि गांजाखात्याचे साहेब

मला ओळखत नाही असा माणूस आमच्या गावात नाही, आणि मी ओळखत नाही असाही नाही. जन्मभर शाळेची बस चालवली. अर्ध्या गावाला मी शाळेत पोचवलंय, उरलेल्या अर्ध्याने मला शाळेत बडवलंय. तरी रोज सकाळी मी रॉन्डा क्वॅमच्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "ओळखपत्र?" एकवीसच्या आतल्याला आत सोडायचं नाही, आणि कोणी कितीही म्हातारा दिसला तरी बघितल्याशिवाय सोडायचा नाही, असा राज्याचा नियम. ज्या पास्टरने माझ्या पोरांना बाप्तिस्मा दिला त्याचं जन्मसाल मी दर आठवड्याला तपासतो. तो दरवेळी म्हणतो, "मर्ल, अजून तेच आहे."

दुकान गांजाचं आहे. परवान्याचं, रीतसर. पूर्वी तिथे रॉन्डाचा नवरा मासेमारीचं सामान विकायचा. गळ, दोऱ्या, आणि फ्रिजमध्ये डबे भरभरून वळवळणारी गांडुळं. मग त्याला पलीकडच्या तळ्याकाठची एक बाई आवडली आणि तो तिकडे राहायला गेला. फ्रिज ठेवून गेला. रॉन्डाने राहतं घर विकलं, परवाना काढला, आणि स्वतः दुकानाच्या माळ्यावर राहायला आली. म्हणजे दुकान गेलं तर तिचं घरही गेलं, असा सगळा मामला.

आता हेम्पची भानगड. हेम्प आणि गांजा ही एकाच घरातली भावंडं. गांजा डोक्यात जातो, हेम्प बिचारं सांध्यांत जातं, निदान विकणारे तसं सांगतात. कालपरवापर्यंत हेम्पचं काहीही कुठेही मिळायचं. पेट्रोलपंपावर चघळायच्या गोळ्या, कॉफीच्या दुकानात सरबत, चर्चच्या विक्रीत विणलेल्या टोप्यांशेजारी मलम. मग राजधानीत कोणालातरी जाग आली आणि नवा नियम निघाला. हेम्पचं खायचं, प्यायचं, लावायचं जे काही असेल ते यापुढे फक्त परवान्याच्या गांजाच्या दुकानात विकायचं. तेही प्रयोगशाळेतून तपासून, राज्याचं लेबल लावून, वेगळ्या फळीवर मांडून. गांजाच्या फळीवर हेम्प नको, हेम्पच्या फळीवर गांजा नको. उघडं काही ठेवायचं नाही, फुकट काही चाखायला द्यायचं नाही.

झालं काय, की ज्या बायकांनी जन्मात आमच्या दुकानाकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांना गुडघ्यांसाठी आमच्या दारात यावं लागलं. डोक्याला रुमाल बांधून आणि काळा चष्मा लावून यायच्या. मी ओळखपत्र मागितलं की चष्मा काढावाच लागायचा. "मर्ल, तू मला पाहिलं नाहीस," म्हणायच्या. मी म्हणायचो, "पाहिल्याशिवाय आत सोडता येत नाही हो."

पण आत जाऊन त्यांना जे हवं असायचं ते मिळायचंच नाही. त्यांना हवं असायचं आर्डिसचं मलम.

आर्डिस क्वॅम म्हणजे रॉन्डाची आई. एक्याऐंशी वर्षांची, ताठ, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. घरामागच्या वावरात ती हेम्प लावते. लागवडीचा राज्याचा कागद तिच्याकडे आहे आणि तो तिने नवऱ्याच्या फोटोशेजारी फ्रेम करून टांगलाय. पाला तेलात मुरवायचा, मेण घालायचं, लहान बाटल्यांत भरायचं. गावातले निम्मे गुडघे त्या मलमावर चालत होते. नवा नियम आला तेव्हा गावात परवान्याचं दुकान एकच, आणि ते पोटच्या पोरीचं. आर्डिसला वाटलं, सोयच झाली.

रॉन्डा म्हणाली, "आई, आधी प्रयोगशाळेतून तपासून आण. मग मी सगळ्यात पुढे ठेवते."

आर्डिस म्हणाली, "हं. असं होय."

संपलं. एवढंच भांडण. आमच्याकडे भांडणात आरडाओरडा करत नाहीत, भांडी आपटत नाहीत. आमच्याकडे भांडण झालं की माणसं हवेबद्दल बोलायला लागतात. अख्खा वसंत मायलेकी फोनवर एकमेकींना वारा किती आहे ते सांगत होत्या. "आज वारा आहे." "हो, वारा आहे." "बरं, ठेवते." मला या लोकांचा अस्सा राग येतो! मीही त्यांच्यातलाच आहे, म्हणून जरा जास्तच येतो.

आमच्या आणखी दोन खोडी सांगून टाकतो, कारण सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. एक म्हणजे, आमच्याकडे काही खायला दिलं की माणूस दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. पहिल्यांदा घेणारा हावरट, तिसऱ्यांदाही न घेणारा शिष्ट. दुसरी खोड म्हणजे, ताटातला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही. मेलं तरी घेत नाही. त्याचा अर्धा करून घेतात, मग उरलेल्याचा कोणीतरी अर्धा करतो, मग त्याचा अर्धा. चर्चमध्ये एकदा एका केकच्या तुकड्याचं असं करता करता शेवटी तो सुरीलाच चिकटून राहिला होता.

तर जून महिन्यातली सकाळ. गांजाखात्याचे साहेब तपासणीला आले. ड्वेन स्टेनस्रूड नाव, माणूस सज्जन, पलीकडच्या जिल्ह्यातल्या असल्याच एका गावचा. आर्डिसच्या हेम्पच्या वावराची तपासणीही यांच्याकडेच. पण सज्जन माणसालाही नियम असतोच. रॉन्डाला एक ताकीद आधीच मिळाली होती. हिवाळ्यात कोणा गिऱ्हाइकाने हेम्पच्या सरबताचा डबा उचलला, किंमत बघितली, आणि परत ठेवताना गांजाच्या फळीवर ठेवला. नेमके त्याच दिवशी साहेब हजर. दुसरी ताकीद मिळाली की परवाना जाणार होता. त्यामुळे रॉन्डा पहाटेपासून फळ्या पुसत होती, डब्यांची तोंडं एका रेषेत लावत होती, आणि मला उगाचच कामं सांगत होती.

साहेब रॉन्डाबरोबर मागच्या कोठारात गेले आणि इकडे दारात आर्डिस उभी. हातात मोठा ट्रे, वर चांदीचा कागद.

मी म्हणालो, "ओळखपत्र?"

"मर्ल, तुझ्या लग्नाचा केक मी केला होता."

"चांगला झाला होता. ओळखपत्र?"

तिने ट्रे माझ्या मांडीवर ठेवला, पर्स उघडली आणि ओळखपत्र काढलं. "फोटो वाईट आलाय," म्हणाली. मग आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या दुकानात शिरली. चहूकडे बघितलं. हेम्पची फळी बघितली, गांजाची फळी बघितली, छतातले कॅमेरे बघितले.

"वेगळंच आहे," म्हणाली.

आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही.

"आर्डिस," मी म्हणालो, "आत साहेब आहेत. आज उघडं खाणं दुकानात नको हं."

"झाकलंय की. कॅफेत ऐकलं साहेब आलेत म्हणून. म्हटलं, माणूस लांबून येतो, काहीतरी गोड असावं." असं म्हणत तिने चांदीचा कागद काढलाच. रूबार्बच्या वड्या. आंबट लाल देठांचा थर, वर लोण्याचा खुसखुशीत चुरा. वास असा की नियम लिहिणाऱ्यालाही त्याचा विसर पडावा.

"घे."

"नको."

"अरे घे."

"नको, नाश्ता आत्ताच झालाय."

"लहानशी घे."

घेतली. आणि तोंडात अर्धी असताना मला दोन गोष्टी आठवल्या. एक, वडीत हिरवे हिरवे कण दिसत होते. दोन, गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात भांडी पुसताना आर्डिस मलमाबद्दल बोलून गेली होती, "पुढच्या दाराने घेत नसतील तर मागच्या दाराने जाईल." तेव्हा आम्ही सगळ्यांनी ताटं पुसण्यात लक्ष घातलं होतं.

"आर्डिस, यात काय आहे?" मी विचारलं.

"जे असतं ते."

बघा. हे उत्तर झालं? पण पुन्हा विचारणं बरं दिसत नाही. मी गिळली. थोड्या वेळाने माझे कान गरम झाले.

दुकानात त्या वेळी गिऱ्हाईक एकच होतं, हार्लन. उन्हाळ्यात शहरी लोकांना बोटीतून मासे दाखवत फिरतो, आणि वर्षभर स्वतःची पाठ धरून फिरतो. त्यालाही आर्डिसने तीनदा विचारलं. त्याने एक खाल्ली, मग रीत म्हणून दोनदा नाही म्हणून दुसरी खाल्ली. मग एकदम ताठ उभा राहिला.

"मर्ल," तो म्हणाला, "माझी पाठ सुटली."

"कुठून सुटली?"

"मोकळी झाली रे! हे बघ." आणि काउंटरपाशी वाकून त्याने बोटं बुटांना लावली. त्याला वाकताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोठाराचं दार उघडून रॉन्डा आणि साहेब बाहेर आले. साहेब खुशीत होते. "सगळं टापटीप आहे," म्हणत होते. रॉन्डाने आईला पाहिलं, ट्रे पाहिला, हार्लनच्या मिशीवरचा चुरा पाहिला, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. पण साहेबांसमोर आईला बाहेर काढणार कशी?

"आई," ती म्हणाली. "आज ऊन आहे."

"हो," आर्डिस म्हणाली. "ऊन आहे." आणि ट्रे साहेबांपुढे धरला.

"छे छे," साहेब म्हणाले. "आम्हाला काही घेता येत नाही. खात्याचा नियम आहे."

"लांबून आलात."

"नाही, खरंच नको."

"अहो, एवढीशी तर आहे."

आता हा माणूस शहरात वाढला असता तर निभावलं असतं. पण त्याच्या आजीने, आईने, चर्चमधल्या सगळ्या बायकांनी त्याला लहानपणापासून तिसऱ्या खेपेला हात पुढे करायला शिकवलेलं. डोकं नाही म्हणत होतं, हात गेला. पहिला घास घेतल्यावर मात्र डोकंही हातासारखं वागायला लागलं.

रॉन्डाने मला कॅश काउंटरमागे ओढलं. "त्यात काय आहे?"

"जे असतं ते."

"मर्ल!"

"तिने मला तेवढंच सांगितलं. पण माझे कान गरम झालेत. आणि हार्लन वाकला."

"वाकला?"

"बुटापर्यंत."

रॉन्डाने काउंटर घट्ट धरला. "मग तू तिला थांबवलं का नाहीस?"

"आणि तू जाऊन विचारत का नाहीस? तुझी आई आहे."

"असं कसं विचारू? आई, तू माझ्या दुकानात चोरून हेम्प आणलंस का, असं?"

"हो, असंच."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला भर चर्चमध्ये नाचायला सांगितलं होतं.

इकडे साहेब हेम्पच्या फळीपाशी खुर्ची ओढून बसले होते. कॉलरचं बटण काढलं. मग लहानपणीच्या कुत्र्याची गोष्ट सांगायला लागले. कुत्रा एकदा गोठलेल्या तळ्यावर घसरत घसरत पलीकडच्या काठाला गेला आणि तिकडच्या लोकांनी त्याला ठेवूनच घेतला, अशी गोष्ट. सांगताना त्यांचे डोळे भरून आले, मग हसू आलं, मग ते गुणगुणायला लागले. हार्लनही गुणगुणला. मध्येच कोणीतरी वडी घेत होतं, कोणीतरी नको म्हणत होतं, आणि बघता बघता ट्रेमध्ये एकच वडी उरली.

सगळे तिच्याकडे न बघण्याचं नाटक करत होते.

"कोणी घेत नसेल तर मी आपली अर्धी..." हार्लन म्हणाला आणि अर्धी कापली. मग साहेबांनी उरलेल्याची अर्धी घेतली. मग मी. खरं सांगतो, मला खायची नव्हती. पण तुकडा समोर असा पडला की आमच्या लोकांचा हात सुरीकडे जातोच. आता ट्रेच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा राहिला.

आणि साहेबांचं गुणगुणणं एकदम थांबलं. त्यांनी कॉलरचं बटण लावलं. आपल्या हातांकडे बघितलं, हार्लनकडे बघितलं, मग आर्डिसकडे.

"आर्डिस, या वड्यांमध्ये काय काय घातलंय?"

आर्डिस रॉन्डाकडे बघत होती. वाट बघत होती असं मला वाटलं, पण कशाची ते तेव्हा कळलं नाही. रॉन्डाने काउंटरवरचा चुरा पुसला. मग आर्डिस म्हणाली, "जे असतं ते."

साहेबांनी चष्मा लावला. चष्मा लावल्यावर तो दुसराच माणूस झाला. खिशातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली.

"मला हा तुकडा नमुना म्हणून घ्यावा लागेल," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "मीही खाल्ली, ती माझी चूक. ती मी वर सांगेन. पण यात हेम्प निघालं तर बिनलेबलाचं, उघडं आणि फुकट वाटलेलं, असं तिन्ही होतं. दुसरी ताकीद. रॉन्डा, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," रॉन्डा म्हणाली.

"पण एक आहे. तुम्ही माझ्याबरोबर आत होतात. हे तुमच्या नकळत बाहेरून आलं एवढं तुम्ही म्हणालात, की दुकानाला काही लागत नाही. मी करणाऱ्याच्या नावावर लिहीन. आर्डिसचा लागवडीचा कागद जाईल, पुन्हा मिळणार नाही. दुकान मात्र वाचेल."

आणि ते खरंही होतं. नकळतच आलं होतं. खोटं बोलायची गरज नव्हती, फक्त तोंड उघडायचं होतं. मी मनात म्हणालो, म्हण बाई, म्हणून टाक. घर विकून उभं केलंयस. म्हातारीचं एक वावर गेलं तर ती कोबी लावेल.

रॉन्डाने आईकडे पाहिलं. आर्डिस खिडकीबाहेर बघत होती आणि चांदीच्या कागदाची घडी घालत होती. घडीवर घडी, लहान लहान करत.

रॉन्डा पुढे झाली, तिने तो तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला.

हार्लनने डोक्यावरची टोपी काढली.

"शेवटचा तुकडा," तो हळूच म्हणाला. "कोणाला विचारलंसुद्धा नाही."

साहेब पिशवी तशीच उघडी धरून उभे. "रॉन्डा, तुम्ही नमुना खाल्लात."

"नमुना कुठला?" मी म्हणालो. "पिशवीत गेल्यावर नमुना. तोवर वडीच."

"मर्ल, गप्प बस," रॉन्डा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. दुकानात तिचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होतो. "मी खाल्ली. दुकान माझं, माझ्या दुकानात आलेली वडी माझी. आईचं नाव कुठेही लिहायचं नाही. काय ताकीद द्यायची ती मला द्या. परवाना हवाय? भिंतीवर आहे, काढून देते."

आणि ती खरंच भिंतीकडे निघाली.

"गाडीत अजून एक ट्रे आहे," आर्डिस म्हणाली.

"आई!" रॉन्डा किंचाळली.

"मर्ल, घेऊन ये. मागच्या सीटवर आहे, नीट धर, वाकडा करू नको."

मी रॉन्डाकडे पाहिलं. ती मान हलवून नको नको म्हणत होती. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब दाराकडे बोट दाखवत होते. मी गेलो. ट्रे आणताना मुद्दाम पायरीवर अडखळून पडावं असाही विचार आला, पण या वयात पडणं परवडत नाही.

साहेबांनी आपली बॅग उघडली, काचेची नळी काढली, एक वडी कुस्करून आत घातली, वरून बाटलीतले थेंब टाकले. "हेम्प असलं तर जांभळं होतं," ते म्हणाले. आम्ही सगळे नळीवर वाकलो. हार्लन सगळ्यात जास्त वाकला.

जांभळं झालं नाही.

साहेबांनी दुसऱ्या कोपऱ्यातली वडी घेतली. नाही झालं. मधली घेतली. पाणचट पिवळा रंग, तो तसाच.

"लोणी, साखर, पीठ, अंडी, रूबार्ब," आर्डिस म्हणाली. "आणि पुदिना. यंदा पुदिना फार माजलाय."

"मग माझी पाठ?" हार्लन म्हणाला. त्याच्या तोंडावरून दुःख नुसतं ओघळत होतं. पाठीला हात लावून तो हळूहळू खुर्चीत बसला आणि "आई गं" म्हणाला. माझे कान त्याच क्षणी गार झाले. साहेबांनी घसा खाकरला. "मलाही सकाळपासून जरा... लांबचा प्रवास असला की होतं असं," म्हणाले. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. आम्ही सभ्य लोक आहोत.

तपासणीच्या कागदावर त्यांनी लिहिलं, सर्व ठीक, काउंटरवर कर्मचाऱ्यांचा घरचा डबा आढळला. मग निरोप घेतला. आमच्याकडे निरोप घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. आधी काउंटरपाशी, मग दारात, मग पायरीवर, मग गाडीच्या खिडकीतून. हार्लनही पाठ धरून त्यांच्यामागे गेला. मीही जायला हवं होतं. पण मी कामावर होतो, आणि खरं म्हणजे मला ऐकायचं होतं.

आर्डिस साहेबांच्या खुर्चीत बसली होती. रॉन्डा काउंटरला टेकून उभी होती.

"तुला वाटलं, मी घातलंय," आर्डिस म्हणाली.

"हो."

"तुझ्या दुकानात. साहेब आलेले असताना."

"हो. वाटलं."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी वाट बघत होते."

"आणि तू आपणहून सांगितलं असतंस तर तोंड झिजलं असतं का? मी मेले होते तिथे, आई!"

आर्डिसने घडी केलेला चांदीचा कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "घातलंय असं वाटलं, तरी खाल्लंस."

रॉन्डाने नुसती मान हलवली आणि ती रडायला लागली. मलाही रडू आलं, उगाच कशाला लपवू. मी तोंड वळवून सरबताच्या डब्यांची तोंडं नीट करत बसलो. ती आधीच नीट होती.

"मलम ठेवशील का माझं?" आर्डिसने विचारलं. असं सरळ, हवाबिवा मध्ये न आणता.

"नाही," रॉन्डा डोळे पुसत म्हणाली. "आधी तपासून आण."

असलं रोखठोक 'नाही' आमच्या गावात कोणी कोणाला म्हणत नाही. मला वाटलं, आता म्हातारी उठणार आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाऱ्याबद्दल बोलणार. ती उठली नाही. पर्समधून मलमाची लहान बाटली काढून हातात फिरवत बसली.

"आणि तपासल्यावर त्यात काहीच निघालं नाही तर?" ती म्हणाली. "त्या नळीतल्यासारखं. पिवळं. तुझ्या बाबांच्या गुडघ्यांना मी शेवटपर्यंत हेच चोळत होते. रोज रात्री. ते म्हणायचे, आर्डिस, बरं वाटतं. आता कोणी मला सांगायचं, की त्यात काही नव्हतंच?"

म्हणून ती तपासायला नेत नव्हती. अख्खा वसंत आम्हाला वाटत होतं की बाईचा ताठा आहे. रॉन्डालाही तसंच वाटलं होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं.

रॉन्डाने काउंटरमागचं स्टूल ओढलं आणि आईच्या समोर बसली. पँटची कड गुडघ्याच्या वर सरकवली. पहाटेपासून सिमेंटच्या फरशीवर उभं राहून तिचा गुडघा सुजला होता.

"लाव," ती म्हणाली.

"इथे? दुकानात? चालतं का?"

"विकत नाहीयेस ना तू? लाव, आई. दुखतोय."

आर्डिसने बाटलीचं झाकण उघडलं. मी उठलो, दाराला लटकवलेली पाटी उलटी केली, दुकान बंद, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. पास्टर ओळखपत्र हातात घेऊन येतच होता. मी त्याला म्हणालो, थोड्या वेळाने या.